नवमीचा सर्व्हर

परवा साखर कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली आणि गाळपाचा हंगाम सुरू झाला. दिवसरात्र घरघर, भोंगा, ट्रॅक्टरच्या डेकवर लावलेली गाणी. कारखान्यामागच्या माळावर ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहिल्यात. सकाळी चुलींचा धूर आणि धुराड्याचा धूर एकमेकांत मिसळतो, आणि त्याच्या खाली मळीचा तो आंबूस, गोडसर, नाकात ठाण मांडून बसणारा वास. नवीन माणूस नाकाला रुमाल लावतो. आम्हाला तो वास आला नाही तर काहीतरी बिघडलंय असं वाटतं. येरमाळ्याच्या या अंगाला राहणाऱ्यांना थंडी कॅलेंडरवरून कळत नाही, या वासावरून कळते.

मला मात्र या वासानं सर्व्हर आठवतो. हसा खुशाल. लोकांना हंगामावरून लग्नं आठवतात, बाळंतपणं आठवतात, कुणाच्या उसाला आग लागली ते आठवतं. माझ्या नशिबी एक लोखंडी कपाट, त्यातले दोन सर्व्हर आणि दत्ता. तिन्ही एकदम आठवतात आणि चहा कडू लागायला लागतो.

दोन वर्षांपूर्वी मी कारखान्याच्या संगणक विभागाची प्रमुख होते. विभाग म्हणजे मी, दत्ता आणि आमच्या दोघांपेक्षा जास्त आजारी असणारा एक एसी. पण कारखान्याचा सगळा जीव त्या खोलीत होता. सर्व्हर म्हणजे मोठा कॉम्प्युटर, एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या पोटात एक विशिष्ट सॉफ्टवेअर बसवलं की त्या एकाचे पाच होतात, हे सांगितलं की लोक माझ्याकडं संशयानं बघतात. मग मी सांगते, घर एक, चुली पाच. एकीवरची आमटी उतू गेली तरी दुसरीवरच्या भाकरीला झळ लागत नाही. आमच्या एका चुलीवर ऊस मोजायचा काटा, दुसरीवर शेतकऱ्यांच्या ऊसनोंदी, तिसरीवर साखरेचं गोदाम, चौथीवर पगार. पाचवी माझी, काहीतरी नवं करून बघायला.

हे घर ज्या सॉफ्टवेअरनं बांधून दिलं होतं त्या कंपनीचा मालक बदलला. नव्या मालकानं सगळ्या जगालाच कळवलं की आता एकदा घेतलं आणि आपलं झालं, असं चालणार नाही. दर वर्षी भाडं भरा, आणि तुम्हाला दोन भाकरी पाहिजे असल्या तरी आख्ख्या पंगतीचा स्वयंपाक विकत घ्या. इतकी वर्षं बिनतक्रार वापरलेली गोष्ट एका सकाळी परकी होऊन बसली. तेव्हा मला तो मोठा विश्वासघात वाटला होता. आता वाटतं, कंपनी बरी. तिनं निदान आधी कळवलं.

मग शोध सुरू झाला. मृग संपत आला होता, कारखाना बंद होता. बंद कारखान्याचं सुख वेगळंच असतं. गिरणीचे दातेरी रोलर बाहेर काढून ठेवलेले, त्यांच्यावर चिमण्या, वेल्डिंगच्या ठिणग्या, कुठंतरी घणाचा एकसुरी आवाज आणि मधूनच येणारी झड. आमच्या खोलीच्या खिडकीतून ओल्या भुशाचा वास यायचा. मी आणि दत्ता जमिनीवर सतरंजी टाकून बसायचो, कारण खुर्च्यांवर खोललेली मशीनं असायची. दुपारी डबे उघडायचे. त्याच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी, माझ्या डब्यात आईनं केलेली येसराची आमटी. तो माझी आमटी संपवायचा आणि मी त्याची चटणी.

दत्ता उमरग्याकडचा. तिकडं कानडी वाऱ्याला लागूनच असते, म्हणून पहिल्या दिवसापासून मला अक्का म्हणायला लागला. शिकाऊ म्हणून आला तेव्हा त्याला नेटवर्कची तार धड दाबता येत नव्हती. हाताला धरून शिकवलं म्हणतात तसं शिकवलं. मला भाऊ नाही. वडील, आमचे आबा, गेल्यावर घरात मी आणि आई, दोघीच. आईनंच एका दिवाळीला त्याला सांगितलं, "भाऊबीजेला येत जा रं, हिला ओवाळायला कुणी न्हाय." तेव्हापासून तो येत होता. न चुकता.

आमच्यासमोर तीन पर्याय होते आणि दत्तानं त्यांची स्थळं करून टाकली. पहिलं स्थळ म्हणजे जुनंच सॉफ्टवेअर, नव्या भाड्यानं. "घराणं मोठं हाय अक्का, पण मागण्या संपंनात." दुसरं एका मोठ्या कंपनीचं, जिची बाकीची सॉफ्टवेअरं ऑफिसातल्या प्रत्येक टेबलावर आधीपासून बसलेली. "ह्ये म्हंजे आत्याचं पोरगं. ओळखीचं हाय म्हणून करायचं, आन् नंतर समदं घर त्याच्याच ताब्यात." तिसरं खुलं सॉफ्टवेअर. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेलं, कुणीही घ्यावं, आत डोकावून बघावं, अडलं तर आपणच निस्तरावं. "तिसरं स्थळ गरीब हाय, पण निर्व्यसनी हाय," दत्ता म्हणायचा. मी इतकी हसायचे की डोळ्यांतून पाणी यायचं. मी बिनलग्नाची, त्यामुळं स्थळांवरचा विनोद माझ्यासमोर करायची हिंमत गावात कुणाची नव्हती. दत्ताला ती मुभा होती.

माझा जीव तिसऱ्यावर बसला. फुकट होतं म्हणून नाही. ते घेतलं असतं तर सर्व्हर आमच्या खोलीत राहणार होते आणि आमच्या हातानं चालणार होते. दुसरीकडून पुण्याच्या एका कंपनीनं कारखान्यापुढं वेगळाच घास धरला होता. तुमचं सगळं आमच्याकडं द्या, जुन्याच सॉफ्टवेअरवर, आमच्या पुण्यातल्या सर्व्हरवर. तुम्हाला डोकेदुखी नको. म्हणजे संगणक विभाग नको. म्हणजे मी नको. एम.डी. साहेबांनी मला बोलावून सरळच सांगितलं होतं, "दसऱ्याला संचालक येतील. त्यांच्यासमोर तुमचं ते खुलं चालवून दाखवा. चाललं तर ठेवू. नाही चाललं तर पुणे."

आम्ही झटलो. दत्ताही झटला, खोटं कशाला बोलू. एक सर्व्हर चालू असताना मुद्दाम त्याची वायर उपटायची आणि त्याच्यावरच्या चुली दुसऱ्यावर जाऊन पेटतात का ते बघायचं. पहिल्यांदा पेटल्या तेव्हा आम्ही दोघं नुसते बघत बसलो. सगळ्यात जास्त छळलं काट्यानं. काट्याच्या सॉफ्टवेअरला एक डोंगल लागायचा, बोटाएवढी किल्ली. ती खऱ्या मशीनला टोचलेली असली तरी आतल्या भासाच्या मशीनला, म्हणजे आमच्या चुलीला, दिसायची नाही, आणि किल्ली दिसली नाही की काटा आंधळा. पुरा श्रावण त्यात गेला. शेवटी एका दुपारी मला त्याची वाट सापडली. दत्ता तेव्हा चहा आणायला गेला होता. आल्यावर मी त्याला पडदा दाखवला, तर चहाचे कप तसेच हातात धरून तो म्हणाला, "अक्का, तुम्ही लई मोठ्या हाव." मी ते ऐकलं आणि खरं मानलं, बावळटासारखं.

जुन्याची मुदत नवरात्रात संपत होती. खऱ्या चुली तोवर जुन्यावरच ठेवायच्या आणि संचालकांनी हो म्हटलं की हलवायच्या, असं ठरलं होतं. जुन्या सॉफ्टवेअरच्या अटी मी आणि दत्तानं शेजारी बसून वाचल्या होत्या. मुदत संपली तरी चालू असलेली यंत्रं चालत राहतील. मात्र एकदा बंद केलीत की पुन्हा उठणार नाहीत. दत्ता म्हणाला होता, "म्हाताऱ्या बैलागत हाय ह्ये. चालतंय तवर चालतंय, बसलं की बसलं."

आणि नवरात्रातच खंडेनवमी येते. त्या दिवशी आमच्याकडं हत्याराला विश्रांती. लेथ बंद, क्रेन बंद, वेल्डिंगचं मशीन धुऊनपुसून झेंडूच्या माळेखाली. कारकून पेनाला कुंकू लावून ते खाली ठेवतात. सर्व्हर बंद ठेवणं परवडणारं नसतं, म्हणून दर वर्षी आम्ही देवीशी थोडी लबाडी करायचो. मॉनिटर बंद, खोलीतला दिवा बंद, कपाटाला हळदीकुंकू आणि माळ. आत पंखे आपले गुणगुणत असायचे. पूजेचे गुरुजी विचारायचे, बंद आहे ना? दत्ता म्हणायचा, "झोपलंय महाराज. श्वास तेवढा चालू हाय."

त्या नवमीला मी आईला घेऊन तुळजापूरला गेले. तिचं दर वर्षीचं असतं, मोडता येत नाही. आदल्या संध्याकाळी निघताना दत्ताला बजावलं, "मुदत संपलीय, ध्यानात ठेव. मॉनिटर बंद कर, माळ घाल, बास. कुणी काही म्हणो, सर्व्हरला हात लावू नको." तो म्हणाला, "व्हय अक्का. मी काय येडाय का?"

दर्शन झालं. आईनं आणि मी मळवट भरला. कपाळभर हळद, त्यावर कुंकू, घामानं ते भुवयांपर्यंत उतरलेलं. महाद्वारातून बाहेर आलो, एका दुकानाच्या पायरीवर आईला बसवलं, आणि फोन आला. दत्ता अगदी शांतपणे म्हणाला, "अक्का, सर्व्हर उठंना." मी विचारलं, बंद कुणी केला? त्यानं फोन ठेवून दिला. मागं माणसांचा गलका होता. पूजेला आलेले संचालक तिथंच होते.

मिळेल त्या गाडीनं निघाले. आईला वाटेत घरी उतरवलं आणि तशीच एम.डी. साहेबांच्या केबिनमध्ये गेले. तिथं साहेब होते, दोन संचालक होते, दत्ता होता आणि पुण्याच्या कंपनीचा माणूस होता. योगायोगानं. नवमीच्या दिवशी, पुण्याहून, योगायोगानं. ऊसनोंदी उघडत नव्हत्या, काटा आंधळा झाला होता, बॉयलर पेटायला आलेला. मी म्हणाले, "साहेब, बॅकअप आहे. संध्याकाळपर्यंत वेळ द्या, सगळं तिसऱ्यावर उभं करून दाखवते." साहेब म्हणाले, "ते राहू द्या. नवमीला सर्व्हर बंद करायला कुणी सांगितलं?"

मी दत्ताकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. टेबलाच्या काचेखाली कुणा पुढाऱ्याचा फोटो होता, त्याच्याकडं बघून तो म्हणाला, "अक्कांनीच सांगितलं हुतं साहेब. नवमीला यंत्र बंद पाहिजे म्हणून."

सगळ्यांनी माझ्या कपाळाकडं बघितलं.

काय सांगावं. मी कितीही बोलले असते, बोललेही, पण ज्या बाईच्या कपाळावर भुवयांपर्यंत मळवट आहे ती नवमीला यंत्र बंद ठेवा म्हणाली असेल, हे पटायला वेळ लागतो का? माझी देवी माझ्या विरुद्ध साक्ष द्यायला उभी राहिली होती. साहेब म्हणाले, "मॅडम, देवधर्म घरी ठेवायचा असतो." त्यांच्या स्वतःच्या कपाळावर शस्त्रपूजेचा टिळा अजून ओला होता. पुण्याच्या माणसानं फोन फिरवला, नवीन मुदतीचा परवाना मागवला, दुपार कलायच्या आत मशीनं उठली. संचालकांनी त्याचे आभार मानले.

आमचे आबा मेंढरं राखायचे. ते म्हणायचे, लांडगा आला तर कुत्रं भुंकतं. कुत्रंच लांडग्याला मिळालं तर मेंढक्याला सकाळीच कळतं. मला तर सकाळीही कळलं नाही. पुण्याच्या माणसानं दत्ताला हायवेवरच्या ढाब्यावर दोनदा जेवायला नेलं होतं हे मला माहीत होतं. त्यानंच येऊन सांगितलं होतं, काय काय खाल्लं तेसुद्धा. त्यात लपवण्यासारखं काही असेल असं माझ्या मनात आलं नाही. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते शाळेत वाक्प्रचार म्हणून पाठ केलं होतं. वाक्यात उपयोग करायला चाळिशी यावी लागली.

माझी बदली काट्यावर झाली. गाडीचा नंबर टाकायचा, वजन घ्यायचं, पावती द्यायची. दत्ता पुण्याच्या कंपनीचा इथला प्रमुख झाला, त्याच खोलीत, नवीन एसीखाली.

आणि मग तो भाऊबीजेला आला. हो, आला. साडीची पिशवी घेऊन, आंघोळ करून, दरवर्षीसारखा. आईला काही माहीत नव्हतं. मी तिला सांगितलंच नव्हतं, लाज मला वाटत होती. तिनं पाट मांडला, रांगोळी काढली, तो बसला. मी ताट हातात घेऊन उभी. म्हटलं, "दत्ता, खोटं का बोललास?" त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "अक्का, मला दोन लेकरं हायती. ते म्हणले तुमच्या दोघातलं एकच ठिवणार. तुमचं काय, तुमी एकट्या. काट्यावर बी भागतंय की तुमचं."

एकटी. म्हणजे जिला खायला कमी लागतं, जिचं वाईट झालं तर कुणाच्या घरात रडारड होत नाही. वर्षानुवर्षं माझी आमटी खाऊन त्यानं माझ्याबद्दल एवढंच जमवून ठेवलं होतं. मला ताट त्याच्या अंगावर फेकावंसं वाटलं. आईनं सगळं ऐकलं होतं. ती चुलीपासून म्हणाली, "पाटावर बसलेल्या माणसाला उठवू न्हाय. ओवाळ आन् जाऊ दे." मी ओवाळलं. नीट ओवाळलं, याचाच पुढं कितीतरी दिवस राग येत होता. साडी आईनं बोहारणीला दिली. पुढच्या भाऊबीजेला मी बार्शीला मावशीकडं निघून गेले.

माणूस विसरतो म्हणतात. हंगाम विसरू देत नाही. पुण्याला गेलेला काटा पुण्याहून येणाऱ्या तारेवर चालायला लागला, आणि हायवेच्या कामात जेसीबीनं तार तोडली की इथं सगळं थांबायचं. माझ्या खिडकीसमोर ट्रॉल्यांची रांग लागायची, थेट फाट्यापर्यंत. ऊस उन्हात वाळतो. वाळला की वजन घटतं, आणि घटलेलं वजन शेतकऱ्याच्या नावावर पडतं. लोक खिडकीत येऊन मला शिव्या द्यायचे, कारण खिडकीत मी दिसायचे. दोन हंगाम असे गेले. बैलं बसून राहायची, तोडणीवाल्या बाया ट्रॉलीखाली सावलीत लेकरं पाजायच्या, आणि माझ्या पडद्यावर एक गोल चक्र फिरत राहायचं. उपाय मला माहीत होता. सांगायचा कुणाला?

यंदा पुण्याच्या कंपनीनं भाव वाढवला. साहेब बिथरले, त्यांनी करार मोडला आणि दत्ताला परत कारखान्याच्या नोकरीत घेतलं. आणि उन्हाळ्यात कुणीतरी सांगितलं, सर्व्हर परत आलेत, दत्ता साहेब काहीतरी खुलं सॉफ्टवेअर बसवतायत. एकदा तो खिडकीपाशी आलाही. "अक्का, त्या डोंगलचं तुमी कसं केलं हुतं?" मी सांगितलं. का सांगितलं, असं मला आई विचारते. समोर ट्रॉल्यांची रांग बघून बघून माझे डोळे शिणले होते, म्हणून सांगितलं. त्यानं एक वाक्य बोलावं म्हणून मी जरा थांबले. तो "बरं" म्हणून निघून गेला.

परवा मोळीच्या कार्यक्रमात माईकवरून त्याचं नाव पुकारलं. शाल, श्रीफळ, फेटा. साहेब म्हणाले, बाहेरच्यांवर न विसंबता आपल्या माणसानं आपल्या बुद्धीनं हे उभं केलं. दत्ता चार शब्द बोलला. डोंगलची मोठी अडचण होती, म्हणाला, ती फार अभ्यास करून सोडवली. टाळ्या वाजल्या. शेजारच्यांनी बघितलं तसं मीही वाजवल्या.

बरं, ते चांगलं चालतंय. हे कबूल करताना जीव तुटतो, पण चालतंय. दत्ताच्या ज्या कामाला वाईट म्हणावंसं वाटलं असतं ते नेमकं माझंच निघालं, म्हणून शिव्या द्यायचीही सोय राहिली नाही.

आज सकाळी शेजारच्या वाशीकडचा एक म्हातारा शेतकरी मुलाच्या ट्रॅक्टरवर बसून आला. ट्रॉली काट्यावर चढली, वजन लगेच पडद्यावर आलं, पावती बाहेर. तो खाली उतरून खिडकीत आला आणि पावती उलटसुलट करून बघायला लागला.

"झालं बी?"

"झालं, मामा."

"मागल्या साली दोन दिस बसून हुतो हितं. ऊस वाळून चिपाड झाला हुता." त्यानं पावती टोपीत खोचली. "यंदा लई ब्येस केलंय. कुणी केलं वो ह्ये?"

एरवी मी ऑफिसची भाषा बोलते. आज आबांची तोंडात आली.

"म्या केलं."

त्यानं मला नीट न्याहाळलं. "तुमाला येत हुतं व्हय ह्ये?"

"व्हय. पहिल्यापासून."

"मग दोन सालं आमाला उन्हात का बसिवलं, बाई?"

मागच्या ट्रॉलीवाल्यानं हॉर्न दिला. म्हातारा हलला नाही. तो खरंच उत्तराची वाट बघत होता. मी मान खाली घातली आणि पुढच्या गाडीचा नंबर टाकायला घेतला.